नदीचे मुद्दल आणि मंजुरीचा कागद

नदीच्या पात्रातून वाळू उपसण्यास पर्यावरण मंजुरी द्यावयाची, तर त्या पात्रात दरवर्षी किती वाळू नव्याने येऊन पडते याचा अभ्यास आधी झालेला असला पाहिजे. असा अभ्यास ज्यात नाही तो जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य नाही आणि त्याच्या आधारे दिलेली मंजुरीही टिकणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. प्रकरण काश्मीर खोऱ्यातील एका ओढ्याचे होते. रस्त्याच्या कामासाठी त्या ओढ्यातून वाळू व दगडगोटे काढण्यास मिळालेली मंजुरी राष्ट्रीय हरित लवादाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निर्णय कायम केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. सर्वेक्षण अहवालाचा केवळ मसुदा तयार असणे पुरेसे नाही. अहवाल रीतसर मंजूर झालेला आणि मुदतीत असलेला हवा, असे न्यायालयाने म्हटले होते.

काश्मीर आणि उत्तर प्रदेश हिंगोलीपासून दूर आहेत. परंतु या निर्णयांचा अर्थ पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या तीन नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना अधिक जवळचा वाटावा, अशी परिस्थिती आहे. पर्यावरण मंजुरी हा शब्द उच्चारला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर अणुवीजकेंद्र, बंदर किंवा द्रुतगती महामार्ग उभा राहतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात मात्र या कायद्याची गाठ प्रथम पडते ती वाळूघाटाशी. वाळूघाट हा आकाराने लहान प्रकल्प खरा. पण तो गावोगावी असतो आणि दरवर्षी नव्याने पुढे येतो. त्याला मंजुरी देताना जो हिशेब मांडावयास हवा तो मांडला जातो की नाही, हा म्हणूनच कायद्याच्या अभ्यासकांपुरता प्रश्न नाही. काठच्या गावाच्या पिण्याच्या पाण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

पळवाट आणि तिची दुरुस्ती

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर दीड वर्षाने, म्हणजे १९८६ साली, संसदेने पर्यावरण संरक्षण कायदा संमत केला. या कायद्याने केंद्र सरकारला व्यापक अधिकार दिले. परंतु कोणत्या प्रकल्पाला आधी मंजुरी घ्यावी लागेल, हे ठरविणारी पहिली सर्वंकष अधिसूचना निघाली ती २७ जानेवारी १९९४ रोजी. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. प्रकल्पांचे 'अ' आणि 'ब' असे वर्ग पाडणे, 'अ' वर्गाचे निर्णय केंद्राकडे आणि 'ब' वर्गाचे राज्य पातळीवरील प्राधिकरणाकडे सोपविणे, छाननी, जनसुनावणी व तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन असे टप्पे ठरविणे, ही आज चालत असलेली चौकट याच अधिसूचनेतून आलेली आहे.

या चौकटीत एक मोठी फट राहून गेली होती. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्याला मंजुरीची आवश्यकता नव्हती. व्यवहारात तिचा परिणाम असा झाला, की नदीचे सलग पात्र कागदावर पाच हेक्टरांच्या आतील तुकड्यांत वाटावे आणि एकेक तुकडा लिलावात काढावा, म्हणजे कायदा आडवा येत नाही. हरियाणातील अशाच लिलावांवरून सर्वोच्च न्यायालयापुढे दीपक कुमार प्रकरण आले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की गौण खनिजांच्या पाच हेक्टरांखालील पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीशिवाय परवाना देऊ नये. नदीला तुकडे माहीत नसतात; वरच्या तुकड्यात झालेली खोदाई खालच्या तुकड्यात जाणवते, हे साधे सत्य त्या दिवशी कायद्याने मान्य केले. महाराष्ट्रात त्यापूर्वीच, सप्टेंबर २०१० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवरून वाळू उपशाला चाप लावला होता.

दीपक कुमार प्रकरणाने फट बुजली. पण देशभरातील हजारो लहान पट्ट्यांचे अर्ज एकदम राज्य प्राधिकरणांपुढे येऊन पडले. त्यावर तोडगा म्हणून केंद्राने १५ जानेवारी २०१६ रोजी अधिसूचनेत बदल केला. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण स्थापन झाले आणि पाच हेक्टरांपर्यंतच्या पट्ट्यांना मंजुरी देण्याचे काम त्याच्याकडे गेले. अशा एकेकट्या लहान पट्ट्यासाठी जनसुनावणीची गरज ठेवली नाही. त्याच बदलाने एक चांगली गोष्टही आली: जिल्हा सर्वेक्षण अहवाल. जिल्ह्यातील कोणत्या नदीत, कोठे, किती वाळू आहे, दरवर्षी ती किती भरून येते आणि कोठे उपसा मुळीच करू नये, हे या अहवालात नमूद व्हावयाचे असते. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांसाठी खुला ठेवावयाचा, आलेल्या सूचनांचा विचार करावयाचा आणि दर पाच वर्षांनी अहवाल नव्याने करावयाचा, असा हा नियम आहे.

विकणारा आणि तपासणारा

२०१६ च्या व्यवस्थेत मूलभूत स्वरूपाचा एक दोष होता आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या चटकन लक्षात यावा असा आहे. जिल्हाधिकारी हे महसूल खात्याचे जिल्ह्यातील प्रमुख. गौण खनिजापासून मिळणाऱ्या महसुलाचे वार्षिक उद्दिष्ट त्यांच्या कार्यालयाला दिलेले असते. वाळूघाटाचा लिलाव तेच कार्यालय करते, स्वामित्वधनाची रक्कम तेच जमा करते आणि उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. विक्री करणाऱ्यालाच माल विकण्याजोगा आहे किंवा नाही हे ठरविण्याचे काम दिले, तर निर्णयाचा कल कोणीकडे झुकेल हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. यात कोणा अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. रोखपालालाच हिशेब तपासनीस नेमू नये, हा नियम कोणी रोखपाल अप्रामाणिक आहे म्हणून केलेला नसतो.

हरित लवादाने सप्टेंबर २०१८ मध्ये सत्येंद्र पांडे प्रकरणात २०१६ ची ही सवलत दीपक कुमार निर्णयाशी विसंगत ठरविली. त्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लहान पट्ट्यांचे अर्जही राज्य प्राधिकरणाकडे वर्ग करण्याच्या सूचना दिल्या. म्हणजे हिंगोलीतील पूर्णेच्या घाटाची फाईल आता मुंबईकडे जाते. विकणारा आणि तपासणारा वेगळे झाले, हे योग्यच झाले. परंतु या बदलाने नवी अडचण निर्माण होते. मुंबईतील समितीला पूर्णा दिसत नाही. तिला दिसतो तो जिल्ह्यातून आलेला सर्वेक्षण अहवाल. तो अहवाल जितका खरा, तितकी मंजुरी खरी. अहवालात मागील वर्षाचेच आकडे फिरवून घातलेले असतील, किंवा भरून येणाऱ्या वाळूचे प्रमाण नदीवर न मोजता ठोकताळ्याने धरलेले असेल, तर वरच्या समितीने कितीही काटेकोरपणा केला तरी तो चुकीच्या आकड्यांवरचा काटेकोरपणा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे.

पूर्णेचे गणित

आता हा प्रश्न हिंगोली जिल्ह्याच्या भूगोलात ठेवून पाहावा. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा मराठवाड्याच्या मधून वाहत येते आणि पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. तिच्यावर जिंतूर तालुक्यात येलदरीचे आणि त्याच्या खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वरचे अशी दोन धरणे १९६० च्या दशकात उभी राहिली. परभणी, हिंगोली आणि नांदेड या जिल्ह्यांतील शेतीला या प्रकल्पाने जे पाणी दिले, त्याचे मोल कोणी नाकारणार नाही. पैनगंगेवर कळमनुरी आणि पुसद तालुक्यांच्या सीमेवर इसापूरचे मोठे धरण १९८० च्या दशकाच्या आरंभी झाले. कयाधू मात्र वाशीम जिल्ह्याच्या बाजूने येऊन सेनगाव, हिंगोली व कळमनुरी या तालुक्यांतून वाहत पैनगंगेला मिळते. तिच्यावर असे मोठे धरण नाही, पण ती पावसाळी नदी आहे.

धरण पाणी अडविते हे सर्वांना ठाऊक असते. ते वाळूही अडविते, हे सहसा ध्यानात येत नाही. पुराबरोबर वाहत येणारी जाड वाळू जलाशयाच्या शांत पाण्यात शिरताच तळाशी बसते. सांडव्यावरून खाली जाते ते पाणी आणि त्यातील बारीक गाळ. म्हणजे गेली सुमारे साठ वर्षे अजिंठ्याकडून निघालेली वाळू येलदरीच्या वर अडकून पडते आहे. सिद्धेश्वरच्या खाली, औंढा आणि वसमत तालुक्यांच्या हद्दीतील पूर्णेत जी वाळू दिसते, ती एकतर धरणांपूर्वीच्या शतकांत साठलेली किंवा धरणाखालच्या ओढ्यानाल्यांनी आणलेली. इसापूरच्या खाली पैनगंगेची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. शिवाय धरणातून सुटणारे गाळरहित पाणी आपली वाहून नेण्याची शक्ती पात्रावरच खर्च करते. ते तळातील वाळू उचलून पुढे नेते. उपसा मुळीच झाला नाही तरी अशा पात्रातील वाळू हळूहळू कमी होण्याकडे कल असतो.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. मराठवाड्याची भूमी काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. हा खडक झिजला की त्यापासून प्रामुख्याने कापसाची काळी, चिकण माती तयार होते; घरबांधणीस योग्य अशी जाड वाळू त्या मानाने अल्प. ग्रॅनाइटच्या प्रदेशातील नदी ज्या गतीने वाळू निर्माण करते, ती गती येथे अपेक्षिता येत नाही.

जे. आर. हिक्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॅल्यू अँड कॅपिटल' या ग्रंथात उत्पन्नाची जी कल्पना मांडली, ती पदवीच्या वर्गात शिकविली जाते. वर्षाच्या आरंभी माणूस जितका संपन्न होता तितकाच वर्षाअखेरीस राहून त्याला जास्तीत जास्त जे खर्च करता येईल, ते त्याचे उत्पन्न. त्यापलीकडे तो जे खर्चील ते मुद्दल. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर कणगीतील धान्य खाणे वेगळे आणि बियाणे खाणे वेगळे. नदीत दरवर्षी भरून येणारी वाळू हे उत्पन्न; पात्रात पूर्वापार असलेला थर हे मुद्दल. पुनर्भरणाचा अभ्यास म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, यातील उत्पन्न किती आणि मुद्दल किती हे ठरविण्याची रीत होय. तो अभ्यास न करता दिलेली मंजुरी ही खातेदाराच्या खात्यातील शिल्लक न पाहता वटविलेल्या धनादेशासारखी असते. आणि ज्या नदीवर वरच्या बाजूस धरण आहे, तेथे तर उत्पन्न फार थोडे असणार, हे मोजणीपूर्वीच गृहीत धरावयास हवे.

एका घाटाचा ताळेबंद

उदाहरणादाखल पाच हेक्टरांचा एक घाट घेऊ. त्यातून सरासरी एक मीटर खोलीपर्यंत वाळू काढण्यास परवानगी मिळाली, तर निघणारी वाळू होईल ५० हजार घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर, त्या हिशेबाने ही वाळू सुमारे साडेसतरा हजार ब्रास भरेल. ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन धरले, तर सरकारी तिजोरीत एक कोटी पाच लाख रुपये जमा होतील. आता समजा, त्या पात्रात दरवर्षी सरासरी दहा सेंटिमीटर वाळू नव्याने येऊन पडते. म्हणजे वर्षाचे खरे उत्पन्न पावणेदोन हजार ब्रासच्या आसपास, रुपयांत सुमारे साडेदहा लाख. उरलेले साडेचौऱ्याण्णव लाख रुपये ही मुद्दलाची विक्री झाली. जमाखर्चात मात्र सगळी रक्कम महसूल म्हणून, म्हणजे उत्पन्न म्हणून, लिहिली जाते. हे आकडे एका कल्पित घाटाचे आहेत. पण प्रत्यक्ष घाटाचा हिशेब याच रीतीने मांडावा लागेल.

आता नाण्याची दुसरी बाजू. वाळू हा पाण्याचा साठा असतो. जाड वाळूच्या थराच्या घनफळाच्या पाचव्या हिश्शाइतके पाणी विहिरीला मिळू शकते, असे ढोबळ मानाने धरता येते. पन्नास हजार घनमीटर वाळू याचा अर्थ दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या प्रमाणाने हजार वस्तीच्या गावाला हे पाणी सुमारे १८० दिवस, म्हणजे अंदाजे दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरावे. वाळू काढलेल्या खड्ड्यातही पाणी साचते, असा युक्तिवाद केला जातो. साचते खरे; पण ते उघड्यावर असते आणि ऐन गरजेच्या दिवसांत उन्हाने उडून जाते. वाळूखालच्या पाण्याला ऊन लागत नाही. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरा खणून घागर भरणाऱ्या मराठवाड्यातील बायांना हे जलविज्ञान कोणी शिकवावे लागले नाही.

या दोन बाजू शेजारी ठेवल्या की असे दिसते, की वाळू एकदाच विकली जाते आणि पाण्याचा साठा मात्र दर पावसाळ्यात नव्याने भरत असतो. एका वेळच्या महसुलासाठी दरसाल मिळणारी ठेव मोडली जाते. आणि लाभ व हानी एकाच्याच पदरी पडत नाहीत. महसूल सरकारचा, नफा ठेकेदाराचा, वाळू शहरातील इमारतीची. आटलेली नळयोजनेची विहीर मात्र काठच्या गावाची. कोसळलेला काठ, उघडा पडलेला पुलाचा पाया आणि टिप्परने उखडलेला पाणंद रस्ता हेही गावाच्याच वाट्याचे. उन्हाळ्यात गावाला टँकर लावावा लागला, तर त्याचा खर्च पुन्हा सरकारी तिजोरीतूनच होतो. पण तो वेगळ्या खात्याच्या वेगळ्या शीर्षाखाली पडत असल्याने वाळूच्या हिशेबात त्याची नोंद कधीच होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात बियास नदीच्या संदर्भात सांगितले आहे, की नद्या, जंगले, हवा यांसारख्या संपत्तीचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला उत्पन्न खर्च करता येते. मूळ ठेव मोडण्याची मुभा त्याला नसते. पर्यावरण मंजुरी म्हणजे त्या विश्वस्ताने केलेली सही होय.

घरे बांधायची कशी?

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो टाळता येण्यासारखा नाही. घरकुलाचा पहिला हप्ता हातात घेऊन वाळूची वाट पाहत बसलेल्या मजुराला नदीचे मुद्दल सांगून काय उपयोग? मंजुरी लांबली की लिलाव लांबतो, लिलाव लांबला की भाव चढतो, भाव चढला की रात्रीची चोरी वाढते. म्हणजे कठोर कायद्याचा लाभ नदीला न होता चोरट्यांनाच होतो. या आक्षेपात तथ्य आहे. जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू व खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ चा अंदाज आहे. पाण्याच्या खालोखाल माणूस वापरतो तो हाच नैसर्गिक पदार्थ. ही गरज मनाई हुकमाने नाहीशी होणार नाही.

परंतु या गरजेला राज्याने आजवर दिलेली उत्तरे पाहिली तर ती प्रामुख्याने विक्रीच्या पद्धतीविषयी आहेत. २०२३ च्या धोरणाने लिलाव बाजूला ठेवून सरकारी डेपोतून ब्रासला ६०० रुपये दराने वाळू देण्याची योजना आणली. एप्रिल २०२५ च्या धोरणाने डेपो मोडीत काढून पुन्हा लिलाव आणले आणि घरकुलांसाठी दहा टक्के वाळू राखून ठेवली. वाळू कोणी विकावी आणि कोणत्या भावाने विकावी, याचा विचार दोन्ही वेळा झाला. नदीत विकण्याजोगी वाळू किती, हा प्रश्न मागेच राहिला. भाव कृत्रिमरीत्या उतरविला तर मागणी वाढते, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र. पुरवठ्याची मर्यादा न मोजता भाव उतरविणे म्हणजे मुद्दल अधिक वेगाने संपविण्याचे निमंत्रण होय.

यापेक्षा अधिक दूरदर्शी पाऊल मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूच्या धोरणाने टाकले गेले. दगड फोडून यंत्राने तयार केलेल्या वाळूवरील स्वामित्वधन ब्रासला ६०० वरून २०० रुपयांवर आणण्यात आले. बेसाल्टची मराठवाड्यात वाण नाही. नदीच्या वाळूचा भाव तिच्या खऱ्या सामाजिक किमतीच्या जवळ गेला आणि दगडाची वाळू तुलनेने स्वस्त झाली, तर बांधकामे आपोआप तिकडे वळतील. अर्थात दगडखाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते, तिचीही धूळ शेजारच्या पिकावर बसते आणि तिचे सुरुंगही शेजारच्या घरांना हादरे देतात. तेव्हा नदीवरील अन्याय डोंगरावर ढकलला एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. दरम्यान नदीच्या मोजलेल्या उत्पन्नातून जी थोडी वाळू काढता येईल, तिच्यावर पहिला हक्क घरकुलाचा असावा आणि व्यापारी इमारतीचा शेवटचा, हा क्रम न्यायाचा होईल. भरून येणारी वाळू थोडी आहे हे मान्य केल्यावरच तिच्या वाटपाचा न्याय सुरू होतो.

अटींचे पालन कोण पाहणार?

मंजुरीच्या कागदाला अटी जोडलेल्या असतात. पावसाळ्यात उपसा नाही, रात्री उपसा नाही, पाण्याच्या पातळीखाली खोदाई नाही, पूल आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून ठरलेले अंतर सोडावयाचे, काठाला धक्का लावावयाचा नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबर रोजी, द्यावा लागतो. तो देतो कोण? स्वतः मंजुरीधारक. नियम मोडला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची आणि वाहन जप्त करण्याची तरतूद आहे. परंतु ही तरतूद अमलात आणण्याचे काम अखेर गावपातळीवरच्या महसूल कर्मचाऱ्याकडे येते. रात्री दोन वाजता वाळूने भरलेल्या वाहनासमोर एकट्याने उभे राहण्याची अपेक्षा त्याच्याकडून केली जाते आणि असे उभे राहिलेल्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येतात. कायद्याचे सारे वजन त्याच्या सर्वांत खालच्या शिपायाच्या खांद्यावर टाकणारी व्यवस्था फार काळ टिकत नाही.

यावरचा उपाय कायद्यातच अर्धा लिहिलेला आहे. पर्यावरण मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी आणि ती तेथे ३० दिवस लावून ठेवावी, असा नियम आहे. मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे अपील करण्याची मूळ मुदतही ३० दिवसांचीच. पुरेसे कारण दाखविल्यास ती आणखी ६० दिवस वाढते. दोन्ही नियम एकत्र वाचले म्हणजे पंचायतीच्या फलकाचे महत्त्व कळते. प्रत फलकावर लागलीच नाही, तर अपिलाचा हक्क गावकऱ्याला कळण्याआधीच संपतो. घाटाच्या चतुःसीमा, मंजूर खोली, मंजूर ब्रास, मुदत आणि वाहतुकीची वेळ एवढे पाच तपशील गावाच्या चावडीवर ठळक मराठीत लिहिले गेले, तर प्रत्येक गावकरी तपासनीस होऊ शकतो. केरळने २००१ साली नदीकाठच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करून नदीतील वाळूच्या लेखापरीक्षणाची आणि स्थानिक घाट समित्यांची सोय केली. महाराष्ट्रात लिलावापूर्वी ग्रामसभेपुढे विषय ठेवण्याची तरतूद वेळोवेळीच्या वाळूधोरणांत आली. परंतु ग्रामसभेच्या हाती आकडेच नसतील, तर तिची संमती म्हणजे न वाचता केलेला अंगठा ठरते.

उपायाचा दुसरा अर्धा भाग मोजणीचा आहे आणि तो दिसतो तितका अवघड नाही. पुनर्भरणाचा अभ्यास म्हणजे मुळात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राच्या ठरावीक आडव्या रेषांवर उंची मोजणे आणि दोहोंतील फरक काढणे. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे भूगोल विभाग, तंत्रनिकेतने आणि पाटबंधारे खात्याचे उपविभाग यांनी मिळून तीन नद्यांवर अशा कायमच्या रेषा आखल्या, तर पाच वर्षांत हिंगोली जिल्ह्यापाशी स्वतःची, कोणालाही तपासता येईल अशी नोंदवही तयार होईल. सर्वेक्षण अहवाल खाजगी सल्लागाराने कार्यालयात बसून लिहावा आणि विद्यार्थ्याने त्याच नदीच्या पुलावरून रोज जावे, या दोहोंमधील अंतर कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. अहवालाचा मसुदा २१ दिवस खुला असतो, तेव्हा तो वाचणारे चार शिक्षक आणि दहा विद्यार्थी प्रत्येक तालुक्यात निघाले, तरी मंजुरीच्या कागदामागचा आकडा अधिक सावधपणे लिहिला जाईल.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. उद्योग थोडे, पाऊस लहरी आणि सारी भिस्त शेतीवर, अशा या जिल्ह्याला नदीखेरीज दुसरी मोठी सामाईक संपत्ती नाही. ती संपत्ती विकू नये असे कायदा म्हणत नाही. विकण्यापूर्वी मोजावी, मोजताना लोकांना दाखवावी आणि जितकी भरून येते तितकीच घ्यावी, एवढेच तो म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ही मोजणी मर्जीचा विषय राहिलेली नाही. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या तीन नद्यांच्या सर्वेक्षण अहवालात पुनर्भरणाचा आकडा आहे काय, असल्यास तो कोणी, कोठे व केव्हा मोजला, हा प्रश्न हिंगोलीतील नागरिकांनी पुढच्या लिलावाच्या आधी विचारला पाहिजे. लिलावानंतर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले, तरी गेलेली वाळू परत येणार नाही.